कमलचा बोर्ड, माझा कागद

कमल, सोमवारी मला साहेबांपुढे मत द्यायचं आहे आणि नेमकी आत्ता तू नाहीस.

आपण दोघींनी ज्या भांडणाचा निकाल कधी लावलाच नाही, तेच भांडण गेल्या आठवड्यात एक तरुण इंजिनीअर आपल्या सेक्शनात घेऊन आला. त्यानं टेबलावर छोटा कॉम्प्युटर मांडला, पडद्यावर चौकटी काढल्या, चौकटींना बाण जोडले आणि म्हणाला, "झाला तुमचा प्रोग्राम. एक ओळ लिहायची गरज नाही, मशीन स्वतः लिहून घेतं." सेक्शनातल्या पोरी माना लांब करून पाहत होत्या. साहेब माझ्याकडे वळले. "सुमनताई, बिलांच्या कामात तुम्ही सगळ्यात जुन्या. हे चित्रांचं घ्यायचं, की आपलं लिहायचंच ठेवायचं? सोमवारी सांगा."

मी हो म्हटलं. आणि सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे तोंड वळवलं, तुझी मान कशी हलते ते बघायला.

परवा तुझी तेरवी झाली. लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मला ओळखच पटेना. "शांत बाई होती," तुझी धाकटी जाऊ म्हणाली. शांत? तू? पंच मशीनच्या खडखडाटातून जिचं हसणं वरच्या मजल्यावर ऐकू जायचं, ती शांत? मेल्यावर माणसाला सभ्य करून टाकतात. मी ते करणार नाही. तू बढाईखोर होतीस, हट्टी होतीस, आणि तुझ्यासारखं डोकं मी दुसरं पाहिलं नाही. यातलं शेवटचं तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू माझं जगणं मुश्किल केलं असतंस.

आजच्या पोरींना बोर्ड म्हटलं की शाळेतला फळा आठवतो. आपला बोर्ड म्हणजे परातीएवढा चौकोनी पाट आणि त्याला भोकंच भोकं. शहरातल्या प्रत्येक वीजग्राहकाचं एक कार्ड, कार्डावर पंच केलेलं मीटरचं रीडिंग. कार्ड मशीनमध्ये गेलं की कुठला आकडा उचलायचा, कशातून वजा करायचा, बिलावर कुठं छापायचा, हे त्या बोर्डातल्या वायरींनी ठरायचं. या भोकातून त्या भोकात वायर. लिहिलेला शब्द एकही नाही.

मला तो बोर्ड म्हणजे न विंचरलेलं डोकं वाटायचा. तू महालातली, जुन्या शहराच्या गल्ल्यांत विणकराच्या घरात वाढलेली; एकदा मला त्याच्यासमोर ओढत नेलंस.

"पाह्य वं, बी.एस्सी.! हे पुरं महाल आहे. माणूस इथून निघाला, या गल्लीत वळला, इथं त्याच्या हातात आकडा भेटला, अन् हा निघाला चौकात. पुरं गाव एका नजरेत दिसून राहिलं न तुले? मंग लिहितं कायले?"

"लिहिलेलं वाचता येतं म्हणून."

"तुम्ही वाडीवाले सारे असेच. एकच सडक, सरळ अमरावतीले. वळण आलं का तुमची गाडी बंद."

बी.एस्सी. हे नाव तू मला पहिल्याच आठवड्यात दिलंस. तू स्वतः बी.ए. होतीस, पण तुझ्या घरात तुझ्याआधी दोन भाऊ शिकलेले. माझ्या घरात मीच पहिली, आणि ते मी ज्याला-त्याला सांगायचे. अजूनही सांगते. बाबा अमरावती रोडवरच्या वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करायचे. पोत्यांवरची अक्षरं त्यांना येत नव्हती, त्यामुळे प्रत्येक मालावरचं चित्र त्यांनी पाठ केलं होतं. हत्तीचं पोतं या ट्रकमध्ये, चांदणीचं त्या. तुझ्याशी वाद घालताना हे मी एकदा बोलून गेले आणि तू ते बरोबर पकडलंस.

"मंग? चित्रावर गाडी भरत होते न तुहे बाबा? चुकले का कधी?"

"नाही चुकले. पण एकदा व्यापाऱ्यानं चित्र बदललं. बाबा सकाळभर त्या पोत्यांपुढे उभे राहिले. त्याच संध्याकाळी मला शाळेत घालायचं ठरलं."

तू डब्याला झाकण लावून उठलीस. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता तू म्हणालीस, "रातभर इचार केला. अक्षर बदललं असतं तं तू बी उभीच राह्यली असती." असं होतं तुझं.

आपल्या सेक्शनचा एक नियम होता. जिनं बोर्ड लावला तिनं तो तपासायचा नाही. दुसरीनं एकेका वायरीवर बोट ठेवून मोठ्यानं बोलायचं, लावणारीनं ऐकत बसायचं. आपण त्याला 'बोलणी' म्हणायचो. नवीन आलेल्या शिपायाला वाटलं होतं, आत कुणाच्या तरी लग्नाचं जमतंय.

अशाच एका बोलणीत तुझ्या बोर्डावर माझ्या बोटाला गाठी लागल्या. लाल वायरीच्या टोकाला एक, निळीला दोन. बारीक रेशमी दोऱ्याच्या, इतक्या एकसारख्या की त्या विणकराच्या घरातल्या मुलीनंच माराव्यात.

"हे काय वं?"

"दृष्ट लागू नये म्हणून," तू म्हणालीस आणि हसलीस.

मी हसले नाही. कारण मग मला बाकीचंही दिसायला लागलं. तू वायर आधी डोळ्यांशी नेत होतीस, मग टोक चाचपत होतीस. चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागत होता. मला फिरवून विचारता येत नाही. कँटीनमध्ये तुझ्यासमोर बसले आणि म्हटलं, "कमल, तुला रंग दिसत नाहीत."

तू भजं मोडत राहिलीस. "मधातलं दिसते. बाजूचं गेलं. रंग बी जाऊन राहिले." रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांचे पडदे सुकत चालले आहेत आणि त्याला औषध नाही. मग म्हणालीस, "ऑफिसात सांगशील तं पाह्य."

"मी कशाला सांगू?"

"तुले खरं बोलाची बिमारी आहे न, म्हणून."

सांगितलं नाही मी. पण काळच तुझ्यावर उलटला. मोठा कॉम्प्युटर आला, बोर्ड एकावर एक रचून मागच्या खोलीत गेले. आता सगळं लिहायचं. बारीक चौकटींच्या कागदावर इंग्रजी शब्द, एका चौकटीत एक अक्षर, मग त्याची कार्डं. मला तर सण आला होता. माझ्या बाजूनं जगानं मत दिलं होतं! आणि तुझ्या बोटांना आता धरायला काहीच नव्हतं. सपाट कागदावर गाठ कुठं मारणार? ट्रेनिंगच्या वर्गात तू कागद नाकाशी धरायचीस, थोड्या वेळानं खाली ठेवायचीस आणि मास्तरांकडे बघून अशी मान हलवायचीस की सगळं समजलंय.

डबा खाताना मी तुला वाचून दाखवायला लागले. त्यात मोठेपणा नव्हता. बाबांना पोतीही मी अशीच वाचून दाखवायचे, त्यामुळे मला सवय होती. "इफ करंट रीडिंग इज लेस दॅन प्रीव्हियस रीडिंग, गो टू..." असं मी एका सुरात वाचायचे आणि तू डोळे मिटून भाकरी खायचीस. पहिले काही दिवस मला वाटलं, तू झोपतेस. मग माझं लक्ष तुझ्या बोटाकडे गेलं. डब्याच्या झाकणावर ते फिरत होतं. सरळ, मग डावीकडे, मग पुन्हा मागे. मी 'इफ' म्हटलं की बोट अडायचं, दोन्हीकडे डोकावायचं आणि एक वाट धरायचं. दुसरी वाट तू विसरत नव्हतीस. पानभर पुढे गेल्यावर मध्येच म्हणायचीस, "तो दुसरा माणूस अजून तिथंच उभा आहे. त्याचं काय केलं?"

मी वाचत होते कागद. तू ऐकत होतीस महाल.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. कॉलेजात गणिताच्या सरांनी पहिल्यांदा दाखवलं होतं की अर्धा, पाव, त्याचा अर्धा अशी बेरीज करत राहावं तरी ती एकाच्या पलीकडे जात नाही, तेव्हा अंगावर काटा आला होता. तसाच काटा कँटीनच्या त्या बाकावर आला. समोर कांद्याची फोड, झाकणावर तुझं बोट, आणि माझ्या ओळींमधून उठून उभं राहिलेलं एक गाव, जे मी स्वतः लिहून मला दिसत नव्हतं.

नेहमी तुझंच बरोबर असायचं असं मात्र कुणी समजू नये. एकदा तुला माझ्या प्रोग्राममध्ये नसलेली गल्ली दिसली. तू हटून बसलीस, मी सगळी कार्डं पुन्हा तपासली, सेक्शनचं अर्धं काम खोळंबलं. शेवटी निघालं की मी वाचताना एक ओळ गाळली होती. "म्हणजे माझंच खरं," तू म्हणालीस. "तू बोललीच नाही तं मी जाऊ कुठून?"

मग ते साहेब आले, ज्यांना शिस्त आवडायची. तुझ्या डोळ्यांचं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी तुला टपाल विभागात टाकायचं ठरवलं. टपालात पत्ते वाचायचे असतात. म्हणजे तिथून महिन्या-दोन महिन्यांत तू घरी, हे तुला कळत होतं आणि मलाही. मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "कमलबाई ऐकून प्रोग्राम तपासतात."

"ऐकून? बाई, हे ऑफिस आहे, रेडिओ स्टेशन नाही."

तू माझ्यामागेच उभी होतीस. "साहेब, रेडिओ ऐकणाऱ्याले पगार नाही भेटत. मले भेटते. एकवार पाहून तं घ्या."

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी माझा नवा प्रोग्राम मागवला. अजून कुणी न तपासलेला. ते समोर बसले, मी वाचायला घेतला. प्रोग्राम माझा होता, आणि माझ्या प्रोग्राममध्ये चुका नसतात ही माझी मिजास. पण चूक नसेल तर तू दाखवणार काय? आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागितलं की माझं काम चुकलेलं असू दे.

मी वाचत गेले. तुझं बोट साहेबांच्या टेबलाच्या काचेवर चालत होतं. एक पान गेलं, दुसरं गेलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"थांब वं," तू म्हणालीस. "मांगचं रीडिंग जास्त अन् आताचं कमी, असा माणूस आला. त्याले तू कुठं पाठवलं?"

"चुकीच्या रीडिंगांच्या यादीत."

"पण सारेच चुकीचे कायले? मीटर फिरून फिरून चार नवांवरून पुन्हा शून्यावर येते न? तो तं बिचारा खरा आहे. तुह्या त्या गल्लीत तो गेला अन् गल्ली बंद. बाहेर निघायले रस्ताच नाही. त्याले बिल नाही, पुढच्या महिन्यात त्याचं नाव बी नाही."

 साहेबांनी माझ्या हातातून कागद घेतले, उलटसुलट केले, कितीतरी वेळ शोधलं. मग हळू आवाजात विचारलं, "ही ओळ कितवी होती, तुम्हाला आठवतं?"

"ओळ मले नाही माहीत साहेब. मी गल्लीनं जातो."

टपालाचं नाव पुन्हा निघालं नाही. त्यानंतर सेक्शनातला एकही प्रोग्राम तुला ऐकवल्याशिवाय मशीनवर गेला नाही. तू ते रोज दहा जणांना ऐकवलंस, तेही सांगते.

तुझे डोळे पूर्ण गेल्यावरही महालात मला तूच न्यायचीस, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. माझ्या दंडाला धरायचीस, पण वळण तू सांगायचीस. इथं रंगाऱ्याच्या भट्टीचा वास आला की डावीकडे. मागाचा खटखटाट थांबला की मागे फीर, पुढं वाट नाही. मी डोळे उघडे ठेवून तुझ्यामागून जायचे. तुझ्याशिवाय त्या गल्ल्यांत मी कधी एकटी गेलेच नाही.

शेवटचं तुला रामदासपेठेच्या दवाखान्यात भेटले. मी घरून संत्री नेली होती. तू म्हणालीस, "संत्री ठेव तिकडं. नवीन काय लिहिलं?" मी पिशवीतून कागद काढले. महिन्याच्या मध्यात ज्यांचं मीटर बदललं जातं, त्या ग्राहकांच्या बिलांचा प्रोग्राम होता. जुन्या मीटरचे युनिट वेगळ्या वाटेनं मोजायचे आणि मग नव्या मीटरसाठी त्यांना नेहमीच्या वाटेवर आणायचं. मी वाचत होते, तुझं बोट चादरीवर चाललं होतं. आता फार सावकाश, पण चाललं होतं.

"थांब," तू म्हणालीस.

तेवढ्यात नर्स आली, तुला तपासणीला न्यायला. मी त्या ओळीवर पेन्सिलीची खूण केली. जाता जाता तू म्हणालीस, "उद्या सांगतो. तू अजून बी चुकूनच राहिली, बी.एस्सी."

तो उद्या आला नाही.

तेव्हापासून मी ती ओळ पाठ होईपर्यंत वाचली. वर वाचलं, खाली वाचलं. काही चुकलेलं नव्हतं. मला वाटायला लागलं, तुला फक्त वाचणं थांबवायचं असेल. दम लागला असेल. किंवा मागच्यासारखी मीच एखादी ओळ गाळली असेन. तुझ्या त्या 'थांब'चा अर्थ मला कळणार नाही, हे मी धरून चालले होते.

परवा महालातून, तुझ्या तेरवीहून निघाले. तुझा भाचा सोडायला येतो म्हणाला, मी नको म्हटलं. चौकात पानठेल्यावरून पुढे गेले, वळले, पुन्हा वळले आणि भिंतीसमोर उभी राहिले. बंद गल्ली. मागाचा खटखटाट थांबल्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुकाट परत फिरले. आले ती पुन्हा त्याच पानठेल्यासमोर. पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "काहून वं माय, आताच तं गेल्या न तुम्ही इथून? दुसऱ्यांदा मोजू का तुमाले?"

मी तिथंच उभी राहिले, कमल.

माझा माणूस मीटर बदलायला वेगळ्या गल्लीत जातो आणि परत येतो, तो नेमका कुठं येतो? मी त्याला रस्त्याच्या सुरुवातीला आणून सोडलं होतं. तिथून तो पुन्हा चालायला लागतो. वाटेत प्रत्येक बिलावर लागणारा स्थिर आकार त्याला एकदा जाताना लागलेला, तो आता परत लागणार. कुठलीच ओळ चुकलेली नव्हती. वाट चुकली होती. शहरातल्या प्रत्येक बदललेल्या मीटरला तो आकार दोनदा मोजला गेला असता. आणि तू ते दवाखान्याच्या खाटेवर, एका वाचनात, चादरीवर बोट फिरवून पाहिलं होतंस.

पानवाल्याला वाटलं मला चक्कर आली. त्यानं स्टूल दिलं. मी बसले आणि मला रडू आलं. पण त्यात दुःख थोडं होतं. देवळात आरती पेटल्यावर लहानपणी जसं व्हायचं, तसं बरंचसं होतं.

घरी आले आणि त्या प्रोग्रामच्या कागदाची पाठ उलटून आयुष्यात पहिल्यांदा मी चित्र काढलं. रस्ता, गल्ली, परतीची वाट. माणसाला पानठेल्याच्या पुढे आणून सोडलं. वाकडंतिकडं आलंय, तू हसली असतीस.

तर सोमवारी मी काय सांगणार ते ऐक. मी लिहिण्याच्या बाजूनं मत देणार आहे. त्या इंजिनीअरला मी विचारलं होतं, "हे चित्र मला बोलून दाखवा." तो म्हणाला, "मॅडम, बोलायचं काय? दिसतंय ना!" ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी आहे ते. लिहिलेलं मला तुझ्यापर्यंत आणता आलं, आणि तुला त्यात एका ठिकाणी 'थांब' म्हणता आलं. म्हणून लिहिलेलं. हे मी साहेबांना असंच सांगेन, आणि बोलणीचा नियम सोडू नका हेही सांगेन.

तू म्हणशील, "पण चूक भेटली कुठं? गल्लीतच न?"

हो. गल्लीतच. एवढं तुझं. बाकीचं भांडण तसंच राहू दे.